ते दोन थर्मोकपल ग्राफमधून काढू नकोस

उद्यमबाग, बेळगाव

चि. सोनूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

काल तू घाईत होतीस आणि फौंड्रीत, म्हणजे आमच्या धातू ओतायच्या कारखान्यात, माझी दुसरी पाळी सुरू व्हायची होती, त्यामुळे फोनवर नीट बोलणं झालं नाही. तुझ्या प्रबंधातल्या प्रयोगात साच्यातले लांबचे दोन थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायच्या तारा, शंभर अंशांवर जाऊन अडकतात, संगणकावरच्या मॉडेलची रेघ मात्र तिथे न थांबता वर जाते, तर ते दोन ग्राफमधून काढून टाकू का, असं तू विचारलंस. मी नको म्हणाले. का नको ते सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न तुझ्या एका ग्राफपुरता नाही.

आधी त्या शंभर अंशांचं बघू. जोड सुटला असता तर रीडिंग वेडंवाकडं नाचलं असतं, नाहीतर गेलंच असतं. दोन्ही तारा नेमक्या शंभरावर थांबल्या आणि काही वेळानं दोन्ही पुन्हा चढायला लागल्या, हे तूच सांगितलंस. धातूपासून जी जास्त लांब ती जास्त वेळ थांबली, हेही. मग हे तारेचं काम नव्हे, पाण्याचं आहे. तुझा साचा ग्रीन सँडचा आहे, म्हणजे वाळू, बेंटोनाईट नावाची चिकट माती, कोळशाची पूड आणि पाणी. वितळलेल्या धातूचा रस ओतला की साच्याच्या आतल्या अंगाच्या पाण्याची लगेच वाफ होते. ती वाफ वाळूच्या कणांमधून मागे पळते आणि मागच्या थंड वाळूत पुन्हा पाणी होऊन बसते. जिथे पाणी आहे तिथली वाळू ते सगळं उडेपर्यंत शंभराच्या वर जात नाही.

हिशोब करून बघ की. एक किलो वाळू ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण ५६ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच वाळूत साडेतीन टक्के, म्हणजे ३५ ग्रॅम पाणी असेल, तर ते उडवायला लागते सुमारे ७९ किलोज्यूल. चिमूटभर पाणी किलोभर वाळूपेक्षा जास्त उष्णता खातं. आता तुझ्या मॉडेलमध्ये वाळूचे गुणधर्म कुठून आले ते तपास. सॉफ्टवेअरच्या यादीतून घेतलेले असतील आणि ते कोरड्या वाळूचे असतील, तर त्या मॉडेलला पाणी ठाऊकच नाही. मग त्याची रेघ शंभरावर थांबणार कशी?

हा ओला पट्टा मी आकड्यांत कमी आणि कास्टिंगवर, म्हणजे ओतून तयार झालेल्या मालावर, जास्त बघते. वाफ जिथे पाणी होऊन बसते तिथली वाळू प्रमाणापेक्षा ओली होते आणि कमजोर पडते. तिच्या पुढची, धातूला चिकटलेली वाळू तेव्हा तापून फुगत असते. वाळूतला क्वार्ट्झ ५७३ अंशांना रूप बदलतो आणि एकदम फुगतो. फुगलेल्या थराला मागून आधार नसला की त्याचा पापुद्रा सुटतो आणि रस त्याच्या पाठीमागे शिरतो. फेटलिंगला, म्हणजे साफसफाईला, आलेल्या कास्टिंगवर मग खरबरीत, उचललेला खवला दिसतो. छिन्नी मारली की तो निघतो, आणि खाली वाळूचा थर सापडतो. त्याला स्कॅब म्हणतात. मोठ्या सपाट कामात, मशिनच्या बेससारख्या, हा त्रास फार. तुझे ते दोन थर्मोकपल नेमके या पट्ट्यात उभे आहेत. त्यांना काढून टाकलंस तर प्रबंध नीटनेटका दिसेल, पण आमच्याकडे माल ज्या कारणानं रिजेक्ट होतो ते कारणच त्यातून निघून जाईल. ज्या कामाचा उपयोग उद्यमबागेतल्या फौंड्रीला व्हावा असं तुलाच वाटतं, त्यातलं सगळ्यात उपयोगी पान तूच फाडून टाकशील.

आता दुसरी गोष्ट, जी तू जाता जाता म्हणालीस आणि मला जास्त लागली. धातू आणि साचा यांच्यामधला उष्णता-संक्रमणाचा गुणांक, म्हणजे धातूतून साच्यात उष्णता किती सहज जाते तो आकडा, थोडा वर-खाली केला की जवळचे थर्मोकपल मॉडेलशी छान जुळतात, असं तू म्हणालीस. जुळणारच. तो गुणांक सरळ मोजता येत नाही, म्हणून तो रीडिंगवरून उलटा काढतात, आणि त्यात काही गैर नाही. पण ज्या ओतकामावरून आकडा काढला त्याच ओतकामाशी मॉडेल जुळतं, हा पुरावा होत नाही. आकडा एकदा ठरला की त्याला हात लावायचा नाही. मग वेगळ्या जाडीची पट्टी ओतायची, आणि ओतायच्या आधी मॉडेलचं उत्तर तारीख घालून वहीत लिहायचं. त्यानंतर जे जुळेल ते खरं जुळणं. पहिल्याला कॅलिब्रेशन म्हण, दुसऱ्याला व्हॅलिडेशन. प्रबंधात दोन्हीची पानं वेगळी ठेव, म्हणजे वाचणाऱ्याला कुठला आकडा जुळवलेला आणि कुठला पारखलेला ते कळेल.

कागदावरचा हिशोबही सोडू नकोस. च्वोरिनोव्हनं १९४०मध्ये मांडलेला नियम तुला पाठ आहे: घट्ट व्हायला लागणारा वेळ हा आकारमान भागिले पृष्ठफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात. रुंद पट्टीची जाडी दुप्पट केलीस तर वेळ साधारण चौपट व्हायला हवा. संगणकानं दीडपट किंवा दहापट सांगितलं तर आधी मॉडेलमध्ये शोध, मग साच्यात. आणि मेश, म्हणजे मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांत वाटून सोडवतात ती जाळी, बारीक करून उत्तर बदलतं का तेही बघ. बदलत असेल तर ते उत्तर अजून मेशचं आहे, धातूचं नाही.

मेशवरून सांगते. नॉर्वेत स्टॅव्हेंजरजवळ २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइप्नर ए या समुद्री तेलमंचाचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवत असताना फुटला आणि तळाला गेला. माणसं वाचली, पण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं झालं. चौकशीत निघालं की टाक्यांमधल्या भिंतींचं फायनाइट एलिमेंट मॉडेल, म्हणजे असंच तुकड्यांत वाटून सोडवायचं मॉडेल, अपुऱ्या, बेढब मेशवर सोडवलं होतं आणि त्यानं शिअर स्ट्रेस (भिंत कातरू पाहणारा ताण) ४७ टक्के कमी दाखवला होता. सळ्याही त्या बेतानंच घातलेल्या. नंतर हिशोब नीट केला तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. सोनू, हे दोन आकडे मला फार मोलाचे वाटतात. पद्धत चांगलीच होती. नीट वापरली तर ती एवढं अचूक सांगते, आणि न तपासता वापरली तर तेवढंच ठामपणे चुकीचं सांगते.

आपल्या बाजूचं उदाहरण कोयनेचं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला. १०३ मीटर उंचीचं ते धरण ज्या भूकंप गुणांकावर बांधलं होतं तो ०.०५, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के, होता; धरणातच बसवलेल्या यंत्रानं नोंदवलेला धक्का प्रवाहाच्या दिशेनं गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा होता. धरण उभं राहिलं, पण भिंतीचा मागचा उतार जिथे बदलतो त्या उंचीच्या आसपास आडव्या चिरा पडल्या. पुढे अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या अनिल चोप्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं यंत्राची ती नोंद मॉडेलला दिली, तर सर्वांत जास्त ताण तिथेच निघाला, काँक्रीटच्या ताकदीच्या पलीकडे. आजही काँक्रीटला तडे कसे जातात याचं नवं मॉडेल कुणी लिहिलं की कोयनेवर चालवून दाखवतात. का? तिथे हलण्याची नोंद आहे आणि चिरांची जागाही नोंदलेली आहे. कुणीतरी आधी यंत्र बसवून ठेवलं होतं आणि कुणीतरी नंतर चिरा नीट टिपल्या. त्या दोन कामांवाचून आजच्या कितीतरी सॉफ्टवेअरला पारखायला जागाच राहिली नसती.

याचा अर्थ प्रयोग म्हणजे ब्रह्मवाक्य, असा घेऊ नकोस. प्रयोगालाही तितकंच उलटतपासणीत उभं कर. के प्रकारचा साधा थर्मोकपल पाऊण टक्का इकडे-तिकडे दाखवू शकतो, म्हणजे ८०० अंशांवर सहा अंश. त्याहून मोठी चूक जागेची असते. धातूच्या जवळ तापमान इतक्या झपाट्यानं उतरतं की तार एक मिलिमीटर सरकली तरी रीडिंग बदलतं, आणि आमचे मोल्डर बॉक्समध्ये वाळू ठासतात तेव्हा तार सरकतेच. म्हणून ठासून झाल्यावर अंतर पुन्हा मोज. तारेची नळी कास्टिंगच्या पृष्ठभागाला समांतर ठेव, पृष्ठभागाशी काटकोनात खुपसू नकोस. तशी ठेवलीस तर तार स्वतःच टोकाची उष्णता बाहेर वाहून नेते आणि कमी दाखवते. रसाचं तापमान मात्र के प्रकारानं घ्यायला जाऊ नकोस, चौदाशे अंशांच्या आसपास तो टिकत नाही. भट्टीवाल्यांकडे प्लॅटिनमचा टिप लावलेली लान्स, म्हणजे रसात बुडवायची लांब दांडी, असते, ती माग.

आणि छोट्या प्रयोगशाळेतली पट्टी म्हणजे कारखान्यातलं कास्टिंग नव्हे, हेही लिहून ठेव. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६मध्ये सुरू झालेली पाण्याची संशोधन संस्था आहे, तिथे धरणांचे आणि बंदरांचे लहान नमुने बांधून पाणी सोडून बघतात. १:६४ प्रमाणाच्या नमुन्यात आठ तासांचा पूर एका तासात वाहतो, लहान नमुन्यातला वेळ खऱ्याशी जुळवणारा फ्रूडचा नियम तसं सांगतो. पण पाण्याचा पृष्ठताण काही नमुन्याबरोबर कमी होत नाही, म्हणून नमुना फार लहान केला तर तो खोटं बोलायला लागतो. धरणवाल्यांना ही मर्यादा ठाऊक असते आणि ते ती अहवालात लिहितात. तूही लिही.

माझं काम तुझ्यापुढे लहान आहे असं तुला कधी वाटू देऊ नकोस, कारण तुझ्या मॉडेलचा पहिला आकडा माझ्या टेबलावर तयार होतो. मिक्सरखालून वाळू घ्यायची, ती वाऱ्यावर सुकायच्या आत तोलायची, नळीत भरून रॅमरचे तीन ठोके द्यायचे, पन्नास मिलिमीटर उंचीचा नमुना झाला का बघायचा, मग त्याची परमिएबिलिटी, म्हणजे त्यातून हवा किती सहज जाते ते, आणि ताकद. चौथा ठोका पडला तर तो नमुना फेकायचा. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस नव्या वाळूच्या ढिगात उतरतो, आणि एप्रिलमध्ये परत आलेली वाळू इतकी गरम असते की पाणी घातलेलं मिक्सरपासून साच्यापर्यंत जाईतो उडून जातं. येळ्ळूर-मच्छेहून येणारी आमची पोरं मूठ वळून बघतात आणि कन्नड-मराठी मिसळून 'नीरु कमी आलंय' म्हणतात. बहुतेक वेळा मशिन तेच सांगतं. पण रजिस्टरमध्ये मुठीचा अंदाज आणि मशिनचा आकडा आम्ही वेगवेगळे लिहितो. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारून बाजूला सही करतो, खोडून किंवा व्हाइटनर लावून नाही, कारण महिन्यानं कास्टिंग परत आलं की तो रेघ मारलेला आकडाच कधी कधी खरं कारण सांगतो.

तुझ्या ग्राफमध्ये ते दोन थर्मोकपल राहू देत. खाली स्पष्ट लिही की कोरड्या वाळूच्या मॉडेलमध्ये ही थांबण्याची जागा येत नाही. मग मॉडेलमध्ये बाष्पीभवनाची उष्णता घाल, निदान शंभर अंशांच्या जवळपास वाळूची उष्णताधारकता वाढवून. वाफ मागे सरकते तो भाग पुढच्या टप्प्याला ठेव. वेळ जाईल. गाइड विचारतील तर त्यांना हा ७९ आणि ५६चा हिशोब दाखव, ते समजून घेतील.

आमच्या मिक्सरची वाळू हवी असेल तर किती किलो ते कळव. हवाबंद डब्यात भरून रात्रीच्या बसनं पाठवते, डब्यावर त्या दिवसाचं मॉइश्चर आणि वेळ लिहीन. तरी ओतायच्या आधी तू तिथे पुन्हा मोज. दुसऱ्या पट्टीची जाडी ठरली की तीही कळव. लांबची तार शंभरावर किती मिनिटं थांबेल याचा अंदाज मी माझ्या वहीत लिहिते, तू मॉडेलचा तुझ्या वहीत लिही, आणि ओतून झाल्यावर फोन कर.

बाबांचे आशीर्वाद. जेवण वेळेवर कर.

तुझी,
आई