पूर्वजन्माचं उत्तर कुणी कुणाला द्यायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘सज्जनांच्याच वाट्याला दुःख का?’ या विषयावर आपल्या अंकात आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी ‘गेल्या जन्मीचे भोग’ म्हणून प्रश्न निकालात काढला आहे. कर्मसिद्धान्त इतका स्वस्त नाही. शिवाय तो असा कुणाच्याही तोंडावर फेकू नये, याची सोय त्याच परंपरेत आहे.

आधी पेच नीट मांडायला हवा. ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो न्यायी आणि दयाळू आहे, आणि तरीही निरपराध माणसं दुःख भोगतात, ही तीन विधानं एकत्र नांदत नाहीत. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली हा विरोध तर्कशास्त्राच्या भाषेत मांडला, पण तक्रार फार जुनी आहे. कोणतंही उत्तर घ्या, ते तीनपैकी एका विधानाला मुरड घालतं. म्हणून उत्तर ऐकल्यावर पहिली चौकशी हीच करावी, की मुरड कुठे घातली?

इच्छास्वातंत्र्याचं उत्तर सर्वशक्तिमान या शब्दाला मर्यादा घालतं. माणसाला खरी मोकळीक द्यायची आणि तिचा गैरवापर होणारच नाही अशी हमीही द्यायची, हे ईश्वरालाही जमणारं नाही. खून, छळ, युद्ध यांना हे लागू पडतं. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, चर्चमध्ये गर्दी असताना पोर्तुगालमधलं लिस्बन शहर भूकंपानं कोसळलं, त्याला लागू पडत नाही. तिथे कुणाची इच्छा वाकडी झाली होती? तत्त्वज्ञ आल्विन प्लँटिंगा यांनी अशा आपत्तींमागे मानवेतर दुष्ट जिवांचं स्वातंत्र्य असू शकेल असं सुचवलं. तर्काला ते चालतं, पण पटतं असं म्हणवत नाही. ‘दुःखानं माणूस घडतो’ हे उत्तर तर तान्ह्या मुलाच्या दुखण्यापाशीच अडखळतं.

कर्मसिद्धान्त तिसऱ्या विधानाला हात घालतो. त्याच्या मते निरपराध कुणी नाहीच. ब्रह्मसूत्रात, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात (२.१.३४), हा आक्षेप थेट घेतला आहे. कुणी सुखी, कुणी दुःखी असं जग निर्माण करणाऱ्या ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा, हे दोष येत नाहीत का? सूत्रकार म्हणतात, नाही, कारण ईश्वर जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवून निर्मिती करतो. शंकराचार्य पावसाचा दृष्टान्त देतात. पाऊस सगळ्या धान्यांना सारखाच, पण कोणतं धान्य उगवेल ते बीजावर ठरतं. पुढचंच सूत्र नेमकी शंका काढतं: सृष्टीच्या आरंभी तर कर्मच नव्हतं, मग पहिली विषमता आली कुठून? उत्तर असं की संसार अनादि आहे, पहिला जन्म असा नाहीच. तर्क बंद होतो खरा, पण किंमत मोजून. हिशेबाची पहिली नोंद कुणालाच कधी दाखवता येत नाही, आणि ज्याला शिक्षा होते त्याला गुन्हा आठवत नाही.

एवढ्यावर थांबणाऱ्यांनी महाभारताच्या आदिपर्वातली अणीमांडव्याची कथा पुन्हा वाचावी. आश्रमाच्या दारात मौन धरून बसलेला ऋषी. चोर लुटीचा माल त्याच्या आश्रमात लपवतात, राजाचे शिपाई त्यालाही चोरांत धरतात आणि सुळावर चढवतात. तपाच्या बळावर तो जगतो आणि पुढे थेट धर्माला, म्हणजे पापपुण्याचा न्याय करणाऱ्या यमधर्माला, जाब विचारतो. धर्म हिशेब दाखवतो: लहानपणी तू किड्यांच्या शेपटांत काड्या खुपसल्या होत्यास. इथे ऋषी मान तुकवत नाही. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड? तो धर्मालाच मनुष्यजन्माचा शाप देतो, तोच विदुर. शिवाय मर्यादा घालून देतो की चौदाव्या वर्षापर्यंतचं कृत्य पातक धरलं जाणार नाही. कर्माचा हिशेब दाखवून झाल्यावरही तो हिशेब न्याय्य आहे का हे विचारता येतं, आणि विचारणारा पापी ठरत नाही, हे या कथेतलं कलम आपल्याकडचे पत्रलेखक सोयीनं गाळतात.

बायबलमधला ईयोब, सज्जन असूनही संकटांनी घेरलेला, याच वाटेवरचा. त्याचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसतात. तोवर त्यांचं बरोबर चाललेलं असतं. मग तोंड उघडतात आणि ‘तुझं काहीतरी पाप असणारच’ हे पालुपद धरतात. शेवटी, ४२ व्या अध्यायात, देव रागावतो तो या मित्रांवर. देवाची बाजू घेणारे मित्र चुकीचे, आणि देवाशी भांडणारा ईयोब योग्य बोलला, असा तो निवाडा आहे.

वनपर्वात द्रौपदी हेच विचारते: धर्मानं वागून आपल्या पदरात वनवास का? युधिष्ठिर तिला नास्तिकासारखं बोलू नकोस म्हणतो, ते मला पटत नाही. पण त्याचं दुसरं वाक्य मोलाचं आहे. द्यायला हवं म्हणून देतो, करायला हवं म्हणून यज्ञ करतो, धर्माचा व्यापार करणारा हीन. असं म्हटलं की ‘चांगलं वागूनही असं का?’ यातला ‘वागूनही’ गळतो. दुःख मात्र गळत नाही, आणि हे उत्तर माणसानं स्वतःपुरतं द्यायचं असतं. युधिष्ठिर स्वतः वनवासात होता म्हणून त्याला ते बोलण्याचा अधिकार होता. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला ते ऐकवलं, तर आपणही ईयोबाच्या मित्रांच्याच रांगेत.

कर्म मानणाऱ्यांनी आणखी एक गफलत टाळावी. ‘त्याचे भोग आहेत, आपण मध्ये कशाला पडा?’ हा निष्कर्ष सिद्धान्तातून निघत नाही. फळ देण्याचं काम ब्रह्मसूत्रानं ईश्वराकडे सोपवलं आहे, शेजाऱ्याकडे नाही. आपल्या वाट्याला फक्त आपलं कर्म येतं, आणि मदत नाकारणं हेही कर्मच.

ही चर्चा पुढे चालू ठेवणार असाल तर एक विनंती. विधानं जुळतात की नाही याचा वाद एका सदरात घ्यावा. ज्यांच्या घरात आज दुःख आहे त्यांची पत्रं वेगळी छापावीत, आणि त्यांच्याखाली कुणाचं स्पष्टीकरण जोडू नये.

आपला,
तत्त्वज्ञानाचा एक अध्यापक