सात मिनिटं: व्हिक्टोरियाच्या ॲटर्नी जनरलना खुले पत्र

मा. ॲटर्नी जनरल,
व्हिक्टोरिया राज्य, ऑस्ट्रेलिया

महोदया,

पत्र मराठीत लिहितेय, माफ करा. इंग्रजीत मला रागावता येत नाही. इंग्रजीत मी बारा वर्षं नुसतं ‘नो वरीज’ म्हणत आलेय.

गेल्या गुरुवारी मी एका कोर्टात होते. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मी कामाला आहे, तिथे माझ्या जोडीला एक ऑन्टी आहेत. ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांतल्या. त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला ऑन्टी म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. त्यांच्या भाचीला शिक्षा सुनावायची होती, म्हणून मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. साडेनऊला पोचलो, पुकारा झाला अडीचला. त्या बाकावर माझा गुडघा असा धरला की अजून जिना चढताना ‘आई गं’ निघतं. शिफ्ट बुडाली ती वेगळी, दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने चारचौघांत ऐकवलं ते आणखी वेगळं. रक्तदाबाची गोळी घरी राहिली होती, हेही सांगून ठेवते.

आणि मग काम चाललं सात मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली. दुकानातली चोरी आणि जामिनाची अट मोडली, एवढाच गुन्हा. तिचा वकील तिला त्याच सकाळी पहिल्यांदा भेटला होता. लहानपणी ती किती परक्या घरांत वाढली, नवऱ्याने तिचा हात मोडला तेव्हा कोणी दार उघडलं, यातलं अक्षर निघालं नाही. हे सगळं जिला पाठ, ती ऑन्टी मागच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसलेली. तिला कोणी विचारलंच नाही. चार महिने तुरुंग!

तुम्ही म्हणाल, ॲबोरिजिनल लोकांसाठी कूरी कोर्ट आहे की. आहे ना. २००२ साली तुमच्याच राज्यातल्या शेपार्टनला सुरू झालं. समाजातले वडीलधारे, एल्डर, टेबलाशी बसतात, आरोपीशी बोलतात, वेळ आली तर खडसावतातही. मला तर ते आवडलं. पण ते गावोगाव नाही, आणि गुन्हा कबूल केल्याशिवाय तिथे पाय ठेवता येत नाही. लहानपणी जे सोसलं ते वय वाढलं म्हणून पुसलं जात नाही, हे तुमच्याच देशाच्या हायकोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, २०१३ साली बग्मी खटल्यात मान्य केलं. ठीक. पण सात मिनिटांत ते सोसणं न्यायाधीशासमोर मांडायचं कोणी? कॅनडात १९९९ च्या ग्लॅड्यू निकालापासून आदिवासी माणसाला शिक्षा देण्याआधी त्याची पार्श्वभूमी बघावीच लागते. त्यासाठी वेगळे अहवाल लिहितात. ती ग्लॅड्यूसुद्धा बाईच होती.

माझी मागणी तेवढीच आहे. शिक्षेआधी तिच्याच समाजातल्या माणसाने तिच्याजवळ बसून लिहिलेला अहवाल, प्रत्येक कोर्टात, मागितला की मिळणारा. आणि त्या दिवशी तिच्या बाजूला बसायला एक माणूस, जो पोरं कुठे राहणार आणि घराचं भाडं कोण भरणार हेही बघेल. झालं.

पण तुमचं लक्ष दुसरीकडे आहे, जामीन आवळण्याकडे. व्हेरोनिका नेल्सन, ॲबोरिजिनल, ३७ वर्षांची. दुकानात चोरी केल्याच्या संशयावरून पकडलेली. वकिलाशिवाय स्वतः जामीन मागत उभी राहिली, तो नाकारला, आणि २ जानेवारी २०२० ला कोठडीत मेली. रात्रभर मदत मागत होती. अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने २०२३ साली तुमच्या जामीन कायद्याचे वाभाडे काढले. मग मार्च २०२४ मध्ये कायदा सैल केलात आणि मार्च २०२५ मध्ये पुन्हा आवळलात. वर्षभर टिकला तुमचा पश्चात्ताप! आमच्याकडचं लोणचं जास्त टिकतं. जामीन नाही म्हणजे आत, आत म्हणजे घर गेलं, पोरं गेली. निकालाच्या दिवशी बाई उभी राहते तेव्हा निम्मी शिक्षा भोगूनच झालेली असते.

आकडे हवेत? देशातल्या बायकांत ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या मूळच्या बायका शंभरात दोन, तुरुंगातल्या बायकांत चौतीस. हे लॉ रिफॉर्म कमिशनचं, २०१७ चं. आता किती झाले ते तुम्ही बघा, मला पहाटेची शिफ्ट आहे. आणि १९९१ साली ॲबोरिजिनल लोकांच्या कोठडीतल्या मृत्यूंवरच्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, ३३९ शिफारशी केल्या, त्यात तुरुंग हा शेवटचा उपाय असावा हीही होती. ३३९! माझ्या लग्नात एवढे पाहुणे नव्हते. अहवाल निघतो, मंत्री हात जोडतात, आणि त्या अहवालाचं काय झालं हे बघायला पुढचा अहवाल.

‘तुम्हा इंडियन लोकांना यात काय?’ असं कोर्टातल्या एकाने मला हसत विचारलं. सांगते. मी सोलापूरच्या सेटलमेंटमधली. माझ्या आजीला तारेच्या कुंपणाबाहेर जायला चिठ्ठी लागायची, दिवसाची हजेरी द्यावी लागायची. गुन्हा? त्या जातीत जन्मली. तो गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. ॲबोरिजिनल लोकांनी कुठे राहायचं, काय काम करायचं हे सरकारच्या हाती देणारा तुमचा कायदा १८६९ चा. दोन वर्षांचं अंतर, राणी एकच, आणि तिचंच नाव तुमच्या राज्याला! आमचा कायदा १९५२ साली देशभरातून गेला. पण पोलिसाची नजर गेली नाही. माझ्या भावाला कॉलेजात असताना दोनदा उचललं, पाकीट दुसऱ्याचं हरवलं म्हणून. ऑन्टींच्या भाचीला उभं केलं तेव्हा मला तोच दिसत होता, मान तशीच खाली.

तिची दोन पोरं सध्या ऑन्टींकडे आहेत. धाकट्याने विचारलं, आईने तिथे काय सांगितलं? मी म्हटलं, गुडघा दुखतोय रे बाबा, नंतर सांगते.

उत्तर मराठीत आलं तरी चालेल, ऑन्टींना मी समजावून सांगेन. शनिवारी आम्ही तुरुंगात भेटायला जातोय. त्याआधी आलं तर भाचीलाही.

आपली,
एक किचन हँड,
टार्नीट, मेलबर्न