आई-अप्पांना, वरच्या खोल्यांबद्दल

ती. आई आणि अप्पांना,
शि. सा. न.

फोनवर हे बोलणं झालं नसतं. अप्पा, तुम्ही "बरं ठेव आता" म्हणाला असता, आणि आईने मध्येच मावशीच्या गुडघ्याचा विषय काढला असता. म्हणून लिहितेय.

वरच्या खोल्या अजून रिकाम्याच आहेत ना? माझ्या नाशिकच्या मैत्रिणीने ज्या बाईंना तुमचा नंबर दिला होता, त्यांनी तिला विचारलं, "काकांचा भाचा आला का राहायला?" कोणता भाचा? आत्याला दोन्ही मुलीच. मावशीचा पोरगा कधीचा सुरतेला कापड मार्केटमध्ये लागलाय, तो अमळनेरला शिकायला कशाला येईल? मग आईला खोदून विचारलं तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. आईवर रागावू नका, तिच्या पोटात काही राहत नाही हे तुम्हाला लग्नापासून माहीत आहे.

बाईंची सरकारी नोकरी, नवरा शिक्षक, दोन लहान मुलं. पहिल्या फोनवर तुम्ही खूश होता. त्या तुमच्याशी अहिराणीत बोलल्या म्हणे. भाडं ठरलं, पाणी कधी येतं ते सांगून झालं, गाडी ओट्याशी लावा म्हणून झालं. मग आडनाव विचारलंत. "तडवी." आणि त्यावर तुम्ही जे विचारलंत ते फक्त खान्देशी माणूसच विचारू शकतो: "तळोद्याकडचे का यावलकडचे?" त्या यावलच्या निघाल्या आणि लगेच आपल्याला भाचा झाला.

अप्पा, तुमची नोकरीची पहिली वर्षं यावल तालुक्यात गेली. सातपुड्याच्या पायथ्याची ही तडवी माणसं कोण आहेत हे तुम्हीच मला सांगितलंय. भिल्लच, फार पूर्वी मुसलमान झालेले. सरकारच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्लांच्याच नोंदीत 'तडवी भिल्ल' आहेत. धर्म बदलला म्हणून जमात बदलत नाही, हे तुम्ही शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवायचात. म्हणजे तळोद्याचा तडवी चालतो आणि यावलचा चालत नाही, यात फरक उरतो तो एकच. तो तुम्ही मोठ्याने म्हणणार नाही, म्हणून मी लिहून टाकते: नमाज.

आई म्हणाली, "आमनं काही नही ओ, पन लोके काय म्हनतीन?" तुम्हीही तेच म्हणालात, जरा शुद्ध मराठीत. या 'लोकां'चा मी बराच विचार केला. आपल्या गल्लीत कोण आहेत हे लोक? समोरचे पाटीलकाका, ज्यांची केळी कापायला दर हंगामात मुसलमान मजुरांची टोळी येते आणि बांधावर एकत्र चहा होतो? की कोपऱ्यावरच्या काकू, ज्यांच्या सगळ्या गाद्या पिंजाऱ्याने भरलेल्या आहेत? त्यांना विचारलंय का कुणी? मला तर वाटतं, त्यांनाही कुणी विचारलं तर तेही म्हणतील, आमचं काही नाही हो, पण मास्तर काय म्हणतील. असे सगळेच एकमेकांच्या नावावर ढकलत बसतात आणि मधल्या मध्ये माणसाला घर मिळत नाही.

मटणाचं कारण तर काढूच नका. मागचे भाडेकरू आपल्यातलेच होते, दर रविवारी वर काळ्या मसाल्याचा वास सुटायचा आणि रश्शाची वाटी झाकून खाली तुमच्यासाठी यायची. तेव्हा घर बाटलं नाही.

तुम्हाला वाईट माणसं म्हणायचं नाहीये. वाईट असता तर पत्र लिहायचे कष्ट घेतले नसते. आई, मला लहानपणी ताप उतरेना तेव्हा तू मला घेऊन मगरिबच्या नमाजानंतर मशिदीच्या दाराशी फुंकर घालून घ्यायला उभी राहायचीस, हे तूच सांगतेस. श्रावणात कानबाईच्या आधी बांगड्या भरायला येणाऱ्या चाचीच्या हातात तू हात देतेस, तिच्याशी तासभर सुनांची गाऱ्हाणी करतेस. आणि तिचा चहाचा कप मोरीजवळच्या फळीवर वेगळा असतो. ती गेली की तो तिथेच विसळून पालथा पडतो. चाचीला हे माहीत आहे, आई. ती आपणहून तो कप उचलून ठेवते.

अप्पा, तुमचं तर भाषणच पाठ आहे मला. दर ११ जूनला साने गुरुजींच्या पुण्यतिथीला तुम्ही बोलता: इथल्या प्रताप हायस्कूलमधले गुरुजी, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं लिहून घेणारे गुरुजी, मे १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर हरिजनांना उघडावं म्हणून उपोषणाला बसलेले गुरुजी. उपोषणावर आलात की तुमचा आवाज भरून येतो. पण ते दार पंढरपूरचं होतं. वरच्या खोल्यांच्या दाराची किल्ली तुमच्या सदऱ्याच्या खिशात आहे.

कुणी पाहुणा आला की त्याला तुम्ही बऱ्हाणपूरला नेता, जुन्या खान्देशाची राजधानी दाखवायला. फारुकी सुलतानाच्या जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे, तो बोटाने दाखवता आणि म्हणता, "बघा, आपल्याकडे असं होतं." सोळाव्या शतकातला मुसलमान तुम्हाला फार आवडतो. आजचा, डिपॉझिट हातात घेऊन उभा असलेला, नाही चालत. मेलेल्यांशी सलोखा ठेवायला भाडेकरार लागत नाही म्हणा.

भीतीचंही बोलू. तुम्ही जळगावला कॉलेजात होता, ८ मे १९७० चा दंगा तुम्ही पाहिलाय, त्यानंतरची संचारबंदीही. धुळ्याला २०१३ च्या जानेवारीत काय झालं तेही आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. अशा गोष्टी पाहिलेला माणूस बिचकतो, हे मला समजतं. पण जळगावच्या दंग्याची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली, आणि त्या अहवालात मृतांचा आकडा ४३ आहे, त्यातले ४२ मुसलमान. मग कुणी कुणाला भ्यायचं? त्या बाई दोन लेकरांना घेऊन आपल्या गल्लीत, आपल्या माडीवर यायला तयार होत्या. हिंमत त्यांनी दाखवली होती.

आणि हे सगळं अलीकडे वाढलंय, अप्पा. तुमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सुविचार, दुपारी अमक्यांच्या दुकानातून फळं घेऊ नका. तुम्ही स्वतः असलं काही लिहीत नाही, मला खात्री आहे. पण त्याच ग्रुपवर तुम्ही ११ जूनचं भाषण टाकता, खाली तीच माणसं हात जोडतात, आणि दुपारचा मेसेज तसाच राहतो. एकदाही "हे बरोबर नाही" असं तुम्ही तिथे लिहिलेलं मी पाहिलं नाही. वर्गात एखादा पोरगा असं बोलला असता तर तुम्ही त्याला बाकावर उभं केलं असतं.

कायद्याचं सांगायचं तर तुम्ही सुटता. घटनेच्या १५व्या कलमात दुकान, उपाहारगृह, विहीर, घाट, रस्ता यांची नावं आहेत, धर्मावरून तिथे कुणाला अडवता येत नाही. घरमालकाच्या माडीचं नाव त्यात नाही. घर तुमचं, तुमच्या पगारातून उभं राहिलेलं, कुणाला ठेवायचं ते तुम्ही ठरवा. मी इथे पुण्यात बसून हुकूम सोडणार नाही.

मात्र भाच्याची गोष्ट मी पुढे चालवणार नाही. मैत्रिणीने मला सरळ विचारलंय, नकार का दिला म्हणून. त्या बाईंना अजून वाटतंय की भाचा आला नाही तर जागा मिळेल, म्हणून त्यांनी दुसरं घर पक्कं केलेलं नाही. नवरा तिकडे, पोरं आजोळी, त्या एकट्या नात्यातल्या कुणाकडे तरी राहून रोज ऑफिसला जातायत. त्यांना असं टांगून ठेवणं बरोबर नाही. या रविवारपर्यंत तुम्ही त्यांना फोन करा. या म्हणा, किंवा खरं कारण सांगून नाही म्हणा. नाही केलात, तर सोमवारी मी सांगेन, आणि 'लोकां'चं नाव न घेता सांगेन. तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आधी लिहिलं.

त्यांचा नंबर आईच्या फोनमध्ये 'तडवी म्याडम' असा आहे.

आई, तुझ्या बीपीच्या गोळ्या कुरिअरने पाठवल्यात, सकाळची पाकिटं वेगळी बांधली आहेत. बिबड्या संपल्या, कुणी येणार असेल तर थोड्या पाठव.

तुमची,
ताई

ता. क. त्या आल्याच, तर माडीच्या मोरीतला नळ आधी दुरुस्त करून घ्या. मागच्यांनी जाताना तो तसाच ठेवलाय.