माकडांचा बंदोबस्त नको, मेलेलं माकड तेवढं उचला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माकडतापाची साथ पसरते म्हणून ‘माकडांचा बंदोबस्त करा’ ही कालच्या अंकातली मागणी वाचली. सोबतच्या फोटोतलं माकड कुठल्याशा देवळाच्या पायरीवर बसून केळं सोलत होतं. बातमी दोडामार्गची, माकड कुठलं ते देव जाणे. असो.

बंदोबस्त नेमका कशासाठी? माकडताप काही माकडाने ओरबाडल्याने होत नाही. तो होतो गोचिडीमुळे, हे आमच्या आशाताई घरोघर सांगून दमल्या. तीच गोचीड चावून माकडंही मरतात. विषाणू रानातल्या उंदीर-चिचुंद्र्यांत आणि गोचिडीत ठाण मांडून बसलेला असतो. उद्या तालुक्यातलं एकूण एक माकड पकडून नेलंत तरी पातेऱ्यातली, म्हणजे रानातल्या वाळल्या पाल्यातली गोचीड तिथेच राहणार, आणि तिला पोसायला आपण रानात सोडलेली गुरं आहेतच. आज माकड मेलं की निदान आपण सावध होतो. माकडंच नसतील तर पहिली खबर कुणाच्या तरी घरातूनच येईल.

आता माझा अनुभव. गेल्या हंगामात आमच्या काजूच्या बागेत एक वानर मरून पडलं. बिया वेचायचे ऐन दिवस, बाया कामावर आलेल्या. त्यांना तिथून हटवलं आणि फोन लावला. एका कार्यालयाने सांगितलं, वन्यप्राणी आमचा, पण रोग आमचा नाही. दुसऱ्याने सांगितलं, आम्ही माणसं बघतो. तिसऱ्या ठिकाणचे साहेब मीटिंगमध्ये, आणि फोन उचलणाऱ्या गृहस्थांचा सल्ला असा: “काका, तुम्हीच पुरून टाका ना.”

वा! 2012 साली कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलात मेलेली माकडं हाताळणारे, जाळणारे वन कर्मचारीच या तापाने आजारी पडले होते. माकडाचं अंग थंड पडू लागलं की त्यावरच्या गोचिडी उतरतात आणि दुसरं अंग शोधतात. ते दुसरं अंग माझं असावं, अशी त्या गृहस्थांची इच्छा असेल तर माझा नाइलाज आहे. वानर तिथेच कुजलं. तपासणीला नमुना गेला नाही, आजूबाजूला गोचीड मारायची पावडर टाकायला कुणी फिरकलं नाही, आणि ते माकडतापानेच मेलं की विजेच्या तारेला चिकटून, हे आता कधीच कळणार नाही. बागेचा तो कोपरा आम्ही वेचलाच नाही. बिया गेल्या त्या गेल्याच.

हा रोग काही काल आलेला नाही. 1957 साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली, आणि विषाणू ओळखला तो आपल्या पुण्याच्या विषाणू संस्थेने. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पाली गावात साथ आली, 2016 मध्ये आमच्या तालुक्यातल्या केर गावात, पुढे शेजारच्या सावंतवाडी तालुक्यात बांद्याकडे. जुनी लस हवा तसा गुण देत नाही म्हणून बंद पडली, नवी येईल तेव्हा येईल. तोवर शास्त्रज्ञांनी संशोधन करायचं ते कशावर? मेलेलं माकड कुठे, कधी आणि कशाने मेलं, याची नोंदच नसेल तर साथ कुठल्या बाजूने सरकते आहे हे पुण्यात बसून कुणाला दिसणार?

तुमच्या वार्ताहराने बंदोबस्ताची मागणी छापण्याआधी मेलेलं माकड उचलायची जबाबदारी कुणाची, एवढंच तिन्ही कार्यालयांत विचारून यावं. एकाच नंबरवर फोन करायचा आणि हातमोजे घातलेला माणूस त्याच दिवशी यायला हवा, एवढीच आमची मागणी आहे. ती पहिल्या पानावर नको, आतल्या पानावर आली तरी चालेल.

आपला,
एक काजू बागायतदार, ता. दोडामार्ग

ता. क. : काजू बीचा दर तुम्ही छापता तो कुठल्या बाजारातला? आमचा व्यापारी तुमचा पेपर बघून हसतो.