मी म्हणतो, आणखी दे

खानापूर तालुका, जि. बेळगाव
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय गड्या,

तुझं पत्र पाडव्याच्या आदल्या दिवशी मिळालं. सोसायटीतली पंधरा पोरं तुझ्यासमोर बसणार, त्यांच्याकडून सणासुदीच्या, सुट्टीच्या कविता लिहून घ्यायच्या, आणि तू मला विचारतोस कसं करायचं! कॉलेजात वहीच्या मागच्या पानावर कविता करायचास तू, आणि मी त्या चोरून वाचून हसायचो. असो. आता मास्तर मी आहे तर ऐक.

पहिल्या वर्षी मी काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे तू ते करणार नाहीस. चौथीचा वर्ग. फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘दिवाळी’ लिहिलं आणि म्हटलं, करा कविता, यमक जुळलं पाहिजे. अर्ध्या तासात एकतीस कविता आल्या. त्यातल्या निम्म्या तरी ‘दिवाळी आली, दिवाळी आली’ अशा सुरू होत होत्या. आई सगळ्यांकडे लाडू देत होती आणि बाबा सगळ्यांकडे झाडू मारत होते. आमच्या गावातला एकही बाबा झाडूला हात लावत नाही, हे मला ठाऊक, पोरांनाही ठाऊक. यमकानं त्यांना खोटं बोलायला लावलं. शेवटी प्रत्येकाचं ‘प्रदूषण टाळा, झाडे लावा’. पोरांचा काही दोष नव्हता. मी मागितलं तेच त्यांनी दिलं.

तेव्हापासून यमक पहिल्या दिवशी वर्गात आणत नाही. आनंद, उत्साह, मजा, छान आणि सुंदर हे पाच शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहितो आणि त्यांना सुट्टी देतो. हे पोरांना फार आवडतं. कुणी चुकून ‘मजा’ लिहिलं की बाकीचे ओरडतात, “सर, ती सुट्टीवर आहे की!” मग प्रश्न विचारतो. करंज्या करताना घरात कोण रागावलं? किल्ल्याची माती कुठून चोरलीत? अभ्यंगस्नानाला उठवलं तेव्हा आधी काय गार लागलं? उत्तरं येतात ती कवितेच्या अगदी जवळची असतात, फक्त त्यांना तसं सांगायचं नाही. सांगितलं की लगेच आवाज बदलतो आणि भाषण सुरू होतं.

आणि इथली एक गंमत तुझ्या पुण्याच्या पोरांना कळायची नाही. आमच्याकडे कर्नाटकाची शाळा, त्यामुळे मोठी सुट्टी दसऱ्याला. दिवाळीला मोजून तीन-चार दिवस. तिकडे महाराष्ट्रात मोठी सुट्टी दिवाळीची. आता आमच्या निम्म्या पोरांचा मामा चंदगडला नाही तर गडहिंग्लजला. दसऱ्यात हे जातात तेव्हा मामेभावंडं शाळेत, आणि दिवाळीत ती मोकळी असतात तेव्हा हे शाळेत. सीमावादावर आपण दोघांनी कितीतरी रात्री भांडून काढल्या, खरं हे असलं दुखणं त्यात कधी आलंच नव्हतं. एका पोरानं ते असं लिहिलं:

मामाच्या गावाला
दिवाळीची सुट्टी
माझी तिशी कट्टी
शाळा आहे

हा अभंगाचा साचा आहे बघ. सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. गावात दर एकादशीला भजन असतं, टाळ धरून बसलेल्या पोरांच्या कानात तो मुरलेला आहे. फक्त बोटांवर मोजून दाखवावं लागतं. शेवटच्या चार अक्षरांवर आवाज कसा खाली बसतो, ते त्यांना आपसूक कळतं. तुझी पोरं भजनाला बसत नसतील तर आधी दोन दिवस टाळ्या वाजवून ठेका दे, मग पेन दे.

हायकूही करून घेतो. शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला, पाच-सात-पाच अक्षरांचा. जोडाक्षर एकच मोजायचं यावर दरवर्षी भांडण होतं. ‘सुट्टी’त दोन ट आहेत मग तीन अक्षरं का नाहीत, असं एकीनं विचारलं. मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं, “कन्नडात वत्तू खाली लटकतो, तो कुठं वेगळा मोजतोय आपण?” वत्तू म्हणजे कन्नड जोडाक्षरातलं खाली लिहिलेलं अक्षर. संपलं भांडण. दोन लिप्या शिकण्याचा असाही फायदा.

पाडव्याला बेळगावात गवळी लोक म्हशी सजवून पळवतात, पुढं मोटारसायकल कर्कश वाजवत. आत्याकडे जाऊन आलेल्या पोराचा हा हायकू:

म्हशी धावल्या
शिंगांना मोरपीस
धूर आमचा

मी त्याला विचारलं, धूर आमचा म्हणजे? म्हणाला, “म्हशी गेल्या की सर. आमच्याकडं काय राहिलं मग?” मी गप्प बसलो. अशा वेळी गप्प बसायचं, हे शिकायला मला सहा वर्षं लागली.

सण म्हणजे फक्त आपलेच सण, असंही ठरवून टाकू नकोस. बेळगावात एकतीस डिसेंबरला गवत-कागद भरलेला ओल्ड मॅन जाळतात, कॅम्पात तो विकायलाही असतो. आता आमच्या खेड्यातही पोरं करतात. गेल्या वर्षीची एक कविता: ‘बाबांचा जुना शर्ट त्याला घातला, बारा वाजता पेटवला. बाबा म्हणाले, शर्ट चांगला होता.’ अक्षरं मोजली नाहीत, यमक नाही. मी हात लावला नाही. पुढं त्यानं ‘नवीन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा’ अशी ओळ लिहिली होती. ती मात्र तळहातानं झाकायला लावली आणि म्हटलं, आता वाच. त्यानंच खोडली. शेवटची ओळ झाकून बघणं हे माझं एकमेव हत्यार समज. दहातल्या सात कविता तिथंच सुधारतात.

आता खरी गोष्ट. म्हणजे तुला विचारायची.

वर्गात एक मुलगी आहे, आई कन्नड घरातली, आजी मराठी. तिनं लिहिलं (अव्वा म्हणजे आई, होळगी म्हणजे पुरणपोळी):

अव्वा म्हणते होळगी
आजी म्हणते पोळी
मी म्हणतो, आणखी दे

तू विसरला नसशील, आमच्याकडच्या बायका ‘मी आलो, मी जातो’च म्हणतात. माझी आईही तसंच बोलायची, आणि हॉस्टेलवर तिचा फोन आला की तुम्ही लोक हसायचात. तेव्हा राग यायचा. तर मी त्या पोरीला हळूच विचारलं, इथं ‘म्हणते’ हवं का गं? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मलाच काही कळत नाही. म्हणाली, “म्हणते तर अव्वा, सर. मी म्हणतो.”

पुस्तकाच्या नियमानं ती चूक. परीक्षेत तिचा अर्धा गुण जाईल, आणि ते मी तिला शिकवणारच आहे, त्यात कसूर नाही. खरं कवितेत? तीन वेळा ‘म्हणते’ आलं की ठेका गुळगुळीत होतो आणि ती पोरगी अव्वा नि आजीच्या रांगेत जाऊन उभी राहते. ‘म्हणतो’ म्हटलं की ती ताट पुढं करून एकटी दिसते. मला दिसते बाबा.

ही कविता शाळेच्या भित्तीपत्रकावर लावायची आहे. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं, भित्तीपत्रक पालक बघतात, अधिकारी बघतात, मराठी शाळेत मराठीच अशुद्ध लावली तर आधीच पटाची बोंब, त्यात आणखी नाव जाईल. त्यांचंही अगदी चूक नाही. पट घसरायला लागला की माणूस शुद्धलेखनालासुद्धा धरून बसतो. कन्नडचे सर मात्र हसत म्हणाले, धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलायचे आणि कन्नडात लिहून 1973 चं ज्ञानपीठ घेऊन आले, तुम्ही एका ‘तो’ला कुठं घाबरताय. पोरीनं त्यांना होळगीचा घास आणून दिला होता, तेव्हा त्यांचं मत निष्पक्ष धरता येत नाही.

तू काय केलं असतंस ते लिही. आणि तुझ्या पंधरा पोरांपैकी एकाची तरी कविता पाठव, आईच्या हातच्या चकल्या सोडून दुसऱ्या कशावरची. डिसेंबरात आलास तर पोरांसोबत ओल्ड मॅन करू. जुना शर्ट घेऊन ये, चांगला नको.

भित्तीपत्रक उद्या लागायचं आहे. लाल पेन कपाटात असतं, चावी सध्या माझ्याकडे आहे.

तुझा,
मास्तर