काकू, तुमचे हात जिथं थांबले

काकू, सादर नमस्कार.

खरं तर हे घरी येऊन सांगायला पाहिजे होतं, पण समोर बसलो की तुम्ही आभार मानूच देत नाही, "आधी चहा घे" म्हणता आणि विषय तिथंच संपतो. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहून राहिलो. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहीत आहे. ज्यांनी तुमचा आवाज वर्षानुवर्षं आकाशवाणी नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झवर ऐकला ते ओळखतीलच.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. मी नागपूरच्या जुन्या गोष्टींचा पॉडकास्ट करतो. दिवसा ऑफिस, रात्री रेकॉर्डिंग. उन्हाळ्यात कूलर चालू असला की आवाजात नुसती घरघर येते, म्हणून कूलर बंद करून, खिडक्या लावून, गादीच्या आडोशाला बसून रेकॉर्ड केलेले भाग आहेत ते. मेहनत कमी नव्हती, वाचनही कमी नव्हतं. तरी ऐकणारे दोन-तीन मिनिटांतच निघून जायचे. ॲपवर तो ग्राफ दिसतो नं, सुरुवातीला उंच आणि मग धाडकन खाली, तो रोज रात्री बघायचो आणि मला वाटायचं की लोकांना इतिहासात इंटरेस्टच नाही. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्यावर मोठ्या मेहनतीनं केलेला भागसुद्धा तसाच पडला, तेव्हा हे सगळं बंद करायचं ठरवलं होतं.

तेव्हा आईनं तुमच्याकडे पाठवलं. "त्या आकाशवाणीत नाटकं करायच्या, त्यांना विचार एकदा." एवढंच.

डिसेंबर होता. तुम्ही ओट्यावर तुरीच्या शेंगा घेऊन बसल्या होत्या, संध्याकाळी सोलेभात होता. मी म्हटलं काकू भाग ऐकवतो, तर तुम्ही म्हटलं मोबाईल बाजूला ठेव, तू स्वतः वाच, मी ऐकून राहिले. मी मोबाईल रेकॉर्डिंगवर लावून ठेवला, तुम्ही काही सांगितलं तर राहून जाऊ नये म्हणून, आणि स्क्रिप्ट वाचायला लागलो. "नमस्कार मित्रांनो, आजच्या भागात आपण नागपूरकर भोसले घराण्यातील आप्पासाहेब यांच्याविषयी माहिती घेणार आहोत..." तुम्ही मान खाली घालून शेंगा सोलत होत्या. अकरा मिनिटं वाचलं. एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, "घरी जा, हेडफोन लाव आणि हे रेकॉर्डिंग ऐक. तुझा आवाज नको ऐकू, माझं पातेलं ऐक."

त्या रात्री ऐकलं. माझ्या आवाजाच्या मागं टणटण, टणटण, रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात दाणे पडायचा आवाज. दाणे साचत गेले तसा तो आवाज बसत गेला, टपटप व्हायला लागला. भोसल्यांची वंशावळ, टपटप. रेसिडेंट जेन्किन्स, म्हणजे इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, टपटप. नोव्हेंबर १८१७ ची, इंग्रजांशी झालेली सीताबर्डीची लढाई, जिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला होता, तिथंही टपटप. आणि नवव्या मिनिटाला एका जागी ती थांबली. पूर्ण थांबली. मी रिवाइंड केलं, परत ऐकलं, परत थांबली.

ते वाक्य असं होतं की मे १८१८ मध्ये इंग्रज आप्पासाहेबांना कैद करून अलाहाबादकडे नेत असताना जबलपूरच्या बाजूला एका मुक्कामी ते शिपायाचा वेष करून निसटले, आणि पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यानं नेहमीच्या वेळी तंबूत डोकावलं तेव्हा दोन नोकर मालकाचं अंग चेपत बसलेले दिसले, पलंगावर मात्र उशी ठेवलेली होती.

एवढी जबरदस्त गोष्ट! आणि मी ती नवव्या मिनिटाला, एका लांब वाक्याच्या शेपटाला बांधून ठेवली होती, तिच्या आधी सनावळ्यांचा डोंगर रचून.

दुसऱ्या दिवशी धावत तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणाल्या ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. "मी ठरवून थांबले नव्हते रे, हात आपोआप थांबले. रेडिओ ऐकणाऱ्याचे हात कधी रिकामे नसतात. कोणी भांडी घासून राहिली, कोणी गाडी चालवून राहिला. डोळे दुसरीकडे, हात दुसरीकडे, तुला फक्त कान मिळाले आहेत, तेही अर्धे. त्याचे हात कुठं थांबतात ते शोध." आमच्या काळी बटण फिरवायला एक सेकंद लागायचा, आता तर तेवढाही लागत नाही, असंही म्हणाल्या होत्या.

मला वाटलं कळलं आता. म्हणून नवीन सुरुवात लिहून आणली: बंदुकीचा आवाज, घोड्यांच्या टापा, आणि मी ओरडून, "आप्पासाहेब पळाले!" आणि पुढं, "कसे पळाले ते ऐकायला शेवटपर्यंत आमच्यासोबत राहा." तुम्ही हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. टापा ऐकून एवढंच सांगितलं की आम्ही करवंट्या वापरायचो, त्या याच्यापेक्षा बऱ्या वाजायच्या. मग म्हणाल्या, "दचकवणं वेगळं, चकित करणं वेगळं. मागून येऊन भोंगा वाजवला तर कोणीही दचकतं, त्यात तुझं काय आलं? चकित व्हायला माणसानं आधी मनात काहीतरी धरलेलं पाहिजे, आणि ते चुकलं पाहिजे." आणि "शेवटपर्यंत राहा असं सांगावं लागलं तर समज की गोष्टीत दम नाही."

काकू, या एका वाक्यासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे. मनात आधी काहीतरी धरलेलं पाहिजे. मी तर ऐकणाऱ्याला काही धरूच देत नव्हतो, सगळं आधीच हातात कोंबून मोकळा व्हायचो. भागाचं नावच मुळी "आप्पासाहेबांचे पलायन" होतं! पळाले हे नावातच सांगून टाकलं, मग उरलं काय?

मग तीन संध्याकाळी तुम्ही माझ्यासोबत तो भाग पुन्हा रचला. सुरुवातीला नमस्कार नाही, माहिती नाही. रात्र, तंबू, दिवा. दोन नोकर मालकाचं अंग चेपत बसले आहेत. पहाऱ्यावरचा अधिकारी डोकावतो, बघतो, सगळं ठीक, निघून जातो. बस्स. इथं मी लगेच म्हटलं की आता सांगू का पलंगावर काय होतं? तुम्ही माझा हातच धरला. "नाही. उशी आत्ता दाखवायची नाही. आता त्याला सीताबर्डीच्या टेकडीवर घेऊन जा." आणि खरंच, तीच लढाई, तेच जेन्किन्स, तोच तह, आता सगळं ऐकावंसं वाटायला लागलं, कारण डोक्यात तो तंबू राहून गेला होता. मनात प्रश्न असला की सनावळीसुद्धा जड होत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. कीर्तनकार उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या गोष्टीच्या भागात, आख्यान ऐन रंगात आणून मध्येच थांबतो, सगळ्यांना विठ्ठलाचा गजर करायला लावतो, आणि म्हाताऱ्या बायासुद्धा टाळ्या वाजवता वाजवता पुढं काय झालं असेल याच विचारात असतात. हे मी लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या देवळात किती वेळा पाहिलं होतं, पण ते आपल्यालाही वापरता येतं हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आणि ती दुसरी गोष्ट, जी बहुतेक लोक सोडून देतात. तुम्ही म्हणाल्या, ऐकणाऱ्याला फसवायचं नाही. उशी निघाली की त्याला वाटलं पाहिजे, अरे, हे तर आपल्याला आधीच कळायला पाहिजे होतं. म्हणून सुरुवातीच्या प्रसंगात तुमच्या सांगण्यावरून एक छोटं वाक्य टाकलं: अधिकारी डोकावला तेव्हा तंबूत कोणी बोलत नव्हतं. एवढंच. खोटं काही नाही, त्या तंबूत बोलणार तरी कोण होतं? ऐकताना कोणाचं लक्ष जात नाही, पण उशी कळल्यावर तेच वाक्य आठवतं. नंतर दोन जणांनी मला नेमकं त्याच वाक्याबद्दल लिहिलं की भाऊ, तुम्ही तर सुरुवातीलाच सांगितलं होतं.

आपल्या श्रावणातल्या कहाण्यांचं तुम्ही दाखवलं तेही इथं लिहून ठेवतो, कारण पॉडकास्ट करणारी बरीच पोरं हे वाचतील आणि सगळे बाहेरचे व्हिडिओ बघून शिकून राहिले आहेत. कहाणीचा पहिला शब्द काय? "ऐका." मग आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता, त्याला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. झालं, चार वाक्यांत काळजी लागली. राजाची वंशावळ कोणी सांगितली का? नगराची लोकसंख्या सांगितली का? ज्यांनी या कहाण्या रचल्या त्यांच्यापुढं हातात वाती वळत बसलेल्या बाया होत्या, म्हणजे पुन्हा तेच, हात गुंतलेले आणि फक्त कान मोकळे.

शांततेचंही सांगतो. फायनल एडिट पाठवलं तेव्हा तुमचा फोन आला, "माझी जागा कुठं गेली?" मला कळेना. पलंगावर काय होतं हे सांगायच्या आधी तुम्ही दोन श्वासांची जागा ठेवायला लावली होती, आणि माझ्या एडिटिंगच्या ॲपमध्ये शांतता आपोआप कापायचा पर्याय सुरू होता, त्यानं ती जागाच खाऊन टाकली होती. तुम्ही म्हणाल्या, आम्ही रेडिओवाले प्रसारणातल्या शांततेला सगळ्यात जास्त घाबरायचो, दोन सेकंद आवाज गेला की ड्युटी ऑफिसर धावत यायचा, म्हणूनच तिची किंमत आम्हाला माहीत आहे. मग ते अमेरिकेतलं सांगितलं, ३० ऑक्टोबर १९३८, ऑर्सन वेल्सचं मंगळावरच्या हल्ल्याचं रेडिओ नाटक, बातमीदार बोलता बोलता मध्येच तुटतो आणि काही सेकंद नुसती शांतता. लोक किती घाबरले याच्या कथा तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी बऱ्याच फुगवल्या असं आता अभ्यासक म्हणतात, पण ती शांतता आजही ऐकली की पोटात गोळा येतो, मी रात्री ऐकून बघितली. तो पर्याय मी कायमचा बंद केला आहे.

भागाचं नाव ठेवलं "दोन नोकर".

काय झालं ते तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, पण एक मेसेज तेव्हा आला नव्हता. खापरीकडून मेट्रोनं येणारा एक पोरगा, त्याला सीताबर्डी इंटरचेंजला उतरायचं होतं. भाग ऐकत होता, नेमका तंबू परत आला, आणि तो उतरायचाच विसरला, थेट झिरो माईलला उतरला. तिथून सीताबर्डीला पायी परत आला आणि चालता चालता उरलेला भाग ऐकला, आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरात गोंडांकडे गेले, पुढं पंजाब, शेवटी जोधपूर, १८४० मध्ये तिथंच गेले, इंग्रजांच्या हाती परत कधी लागले नाहीत. त्यानं लिहिलं, "दादा, मी रोज या टेकडीखालून जातो, मला काहीच माहीत नव्हतं." काकू, हा मेसेज वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या टेकडीवर आपला राजा हरला तिच्याच खाली हा उतरायचा होता, आणि गोष्टीच्या नादात पुढं निघून गेला.

तुमच्याकडे शिकवणीची फी विचारली तर तुम्ही रागावल्या होत्या. तुम्ही तीन संध्याकाळी दिल्या, गुडघे दुखत असताना दिल्या, आणि एकदाही "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणाल्या नाहीत. मी चुकीचं वाचत होतो तेव्हा मध्ये तोडलं नाही. माझा आवाज रेडिओसारखा नाही याची मला लाज वाटायची, त्यावर तुम्ही म्हणाल्या, "रेडिओचा आवाज असं काही नसतं, कोणाला सांगून राहिलास ते ठरव, आवाज आपोआप तसा होतो." तेव्हापासून मी माईकसमोर बसलो की एकाच माणसाला सांगतो. त्याच्यासमोर शेंगांची टोपली असते.

आता मारबतीचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा, भाग लिहून झाला आहे. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, बडगे, "घेऊन जाय गे मारबत", सगळं आहे त्यात. सुरुवात दोनदा बदलली, तरी कुठं उशी लपवायची ते अजून नक्की होऊन नाही राहिलं. कॉटन मार्केटमध्ये तुरीच्या शेंगा यायला लागल्या आहेत, काल पाहून आलो. रविवारी सकाळी दोन किलो घेऊन येतो. पातेलं स्टीलचंच काढून ठेवा, आणि मी वाचायला लागलो की मान वर करू नका.

तुमचा,
आप्पासाहेबवाला पोट्टा