जुम्याची वेळ आणि जेवणाची सुट्टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शुक्रवारी दुपारी कामावरून नमाजला जाणाऱ्या कामगारांविषयी बोलणे निघते ते बहुधा तक्रारीच्या सुरात. मालक म्हणतो माणसे तासभर सापडत नाहीत आणि कामगार म्हणतो साहेब सोडत नाहीत. मी या दोन्ही बाजूंना राहिलेला माणूस आहे. पूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर काम करणारा कामगार, होतो आणि आता अंबडला माझे स्वतःचे छोटे मशीन शॉप आहे. त्यात अकरा माणसे काम करतात आणि त्यांपैकी चौघे मुस्लिम आहेत. माझ्या मते हा प्रश्न बहुतांशी घड्याळाचा आहे आणि तो नाशकातच बसून सोडवता येईल.

जुम्याची, म्हणजे शुक्रवारच्या दुपारची सामूहिक, नमाज सूर्य माथ्यावरून कलल्यावरच होते. नाशकात ही वेळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून अठरा-वीस मिनिटांनी येते, फेब्रुवारीत ती बारा पन्नासच्या आसपास जाते आणि वर्षभरात त्यापलीकडे कधीच सरकत नाही. आमच्या भागातील कारखान्यांत जेवणाची सुट्टी साधारण साडेबारा ते एक असते, तर मशिदींत जमात, म्हणजे सर्वांची एकत्र नमाज, उभी राहते दीडला, पावणेदोनला, कुठे दोनलाही. म्हणजे सुट्टी संपून माणूस मशीनवर परत उभा राहिला, की त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने नमाजची वेळ होते. सगळी ओढाताण या अर्ध्या-पाऊण तासाची आहे.

टर्नर असताना दर शुक्रवारी गेटपाससाठी मी काही ना काही कारण सांगत असे. कधी दाढ दुखायची, कधी आईचे औषध आणायचे असायचे. नमाजला जायचे आहे असे सांगितले तर पास मिळत नसे, हे सर्वांनाच माहीत होते. वुजू करताना, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुताना, पाणी कातडीपर्यंत पोहोचले पाहिजे, म्हणून लाकडाचा भुसा आणि साबणाची पावडर घेऊन नखांतले ग्रीस घासून काढायचो आणि त्याच हातांनी खोट्या कारणाच्या पासवर सही करून बाहेर पडायचो. अल्लाहपुढे उभे राहायला निघालेल्या माणसाला आधी फाटकावर खोटे बोलावे लागावे, याचे दुःख मला आजही होते.

स्वतःचा कारखाना काढल्यावर तरी मी शहाणा व्हायला हवा होतो, पण सुरुवातीला मीही ‘पटकन जाऊन या’ एवढेच म्हणत राहिलो. एका शुक्रवारी जमात गाठण्याच्या घाईत एका मुलाने इन्सर्ट (हत्याराचे कापणारे टोक) बदलला आणि ऑफसेट (मशीनला दिलेले हत्याराचे माप) न तपासता सायकल चालू करून तो निघून गेला. तो परत येईपर्यंत दुसऱ्याने भरवलेले चौदा जॉब बोअर (आतले भोक) मोठा होऊन भंगारात गेले. चूक त्या मुलाची नव्हती. त्याला उजळ माथ्याने जायला वेळ ठरवून न देणाऱ्या माझी होती.

तेव्हापासून शुक्रवारी आमची जेवणाची सुट्टी पाऊण ते पावणेदोन अशी एक तासाची असते आणि जास्तीचा अर्धा तास संध्याकाळी भरून निघतो. सव्वाबारानंतर कोणी नवे सेटिंग घेत नाही. ही वेळ सर्वांना सारखीच आहे, त्यामुळे कोणाला सवलत दिल्याची भाषा उरली नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आमचे दोघे जण ब्रह्मगिरीच्या फेरीला जातात, तेव्हा त्यांची मशीन हीच नमाजी मुले सांभाळतात. त्यासाठी मला आजवर कोणाला सांगावे लागलेले नाही.

कुराणातील ६२व्या सूरेचे नावच ‘अल्-जुमुआ’ आहे. तिच्या नवव्या आयतीत अजान होताच खरेदी-विक्री सोडून या असे सांगितले आहे आणि लगेच दहाव्या आयतीत, नमाज झाली की पांगा आणि अल्लाहची कृपा शोधा, म्हणजे आपापल्या रोजीला लागा, असे सांगितले आहे. अकराव्या आयतीमागे मदिनेतला प्रसंग आहे. पैगंबर खुतबा, म्हणजे जुम्याचे विधिवत प्रवचन, देत असताना व्यापारी तांडा आला, लोक उठून तिकडे गेले आणि हदीसमधील, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या परंपरेतील, नोंदीप्रमाणे मशिदीत बारा माणसे उरली. धंद्याची ओढ अशी जुनी आहे, आणि तरीही दिवसभर काम बंद ठेवण्याचा हुकूम झाला नाही. आपल्या जिल्ह्यात मालेगावला यंत्रमागांची आठवड्याची सुट्टी शुक्रवारीच असते, तो तिथल्या वस्तीचा आणि धंद्याचा रिवाज आहे. नाशकात तासाभराची सोय पुरेशी आहे.

माझी खरी विनंती मशिदींच्या विश्वस्तांना आहे. सातपूर-अंबडच्या आसपास ज्या मशिदींत कामगार येतात, तिथे जुम्याची जमात वर्षभर सव्वा वाजता ठेवावी आणि ती वेळ फलकावर लिहून पाळावी. उर्दू बयान, म्हणजे उपदेशाचे भाषण, कितीही मोलाचे असले तरी ते खुतब्याआधीचे आहे. अरबी खुतबा आणि दोन रकात (नमाजची आवर्तने) फर्ज, म्हणजे अनिवार्य नमाज, हा जुम्याचा गाभा आहे आणि तो वीस-पंचवीस मिनिटांत नीट अदा होतो. नंतरच्या सुन्नत, म्हणजे पैगंबरांच्या प्रथेप्रमाणे पढायच्या जादा रकात, दुसरीकडेही पढता येतात. नमाज लांब आणि खुतबा आखूड असणे हे माणसाच्या समजेचे लक्षण आहे, अशी हदीस नमाज पढवणाऱ्या पेशइमाम साहेबांना माझ्याहून अधिक चांगली ठाऊक आहे.

कामगार बांधवांनीही नमाजनंतर चहाच्या टपरीवर रेंगाळू नये, कारण एकाचे रेंगाळणे दुसऱ्याच्या गेटपासवर येते. ज्याला भट्टी किंवा रुग्ण सोडून जाताच येत नाही, त्याने आपली अडचण जाणत्या आलिमांपुढे (धर्मपंडितांपुढे) मांडावी. जुमा चुकलाच तर त्याच्या जागी जोहरच्या, म्हणजे रोजच्या दुपारच्या नमाजच्या, चार रकात पढायच्या असतात.

नाशकातल्या दूध बाजार, भद्रकाली भागातले दुकानदार हे सारे आपसांत जुळवून घेतात. एकाने शटर अर्धे ओढले की शेजारचा गिऱ्हाइकाला थांबवून ठेवतो. कारखान्यांत मात्र हे आपोआप होत नाही, तिथे वेळ लिहून ठरवावी लागते. त्यासाठी अंबड-सातपूरच्या लघुउद्योजकांनी आणि मशिदींच्या विश्वस्तांनी एकदा समोरासमोर बसावे. एखाद्या रविवारी सकाळी माझ्या शॉपची जागा या बैठकीसाठी मोकळी आहे. खुर्च्या आणि चहा माझ्याकडे.

आपला,
एक लघुउद्योजक, अंबड, नाशिक